हॅलिफॅक्स : एका बंदराची जमा आणि खर्च

शाळेतला कॅनडाचा नकाशा भिंतीवर लावा आणि त्याच्या उजवीकडच्या, म्हणजे पूर्वेकडच्या टोकाकडे पाहा. तिथे अटलांटिक महासागरात घुसलेला एक लांबोळका भूभाग दिसेल. मुख्य भूमीला तो जेमतेम एका चिंचोळ्या पट्टीने चिकटलेला आहे. त्याचे नाव नोव्हा स्कोशिया, म्हणजे नवे स्कॉटलंड. या प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर, साधारण मध्यावर, हॅलिफॅक्स नावाचे बंदर आहे. आज त्या बंदराची हकीकत सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, इतक्या दूरच्या गावाशी आपला काय संबंध? तो संबंध बोलता बोलता आपोआपच पुढे येईल.

आधी जागेचे रूप समजून घेऊ. पाण्याचा तांब्या आडवा ठेवला आहे अशी कल्पना करा. तांब्याचे पोट जमिनीच्या आत आणि तोंड समुद्राकडे. पोट म्हणजे बेडफर्ड बेसिन हे विस्तीर्ण, खोल आणि चहूकडून सुरक्षित पाणी. शेकडो जहाजे तिथे एकाच वेळी नांगर टाकून राहू शकतात. गळा म्हणजे 'नॅरोज' नावाची अरुंद सामुद्रधुनी. आणि गळ्याच्या बाहेर, समुद्राकडे रुंदावत जाणारे मुख्य बंदर. गळ्याच्या एका काठाला हॅलिफॅक्स, दुसऱ्या काठाला डार्टमथ. शिवाय आणखी एक सोय अशी की, हे पाणी हिवाळ्यात गोठत नाही. पूर्वी क्वेबेक व माँट्रिऑल ही मोठी बंदरे सेंट लॉरेन्स नदी गोठली की महिनोन्महिने बंद पडत. तेव्हा बोटींना आसरा हॅलिफॅक्सचा. हा गळा लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही जागा गोऱ्या लोकांनी 'शोधून' काढली असे जुन्या पुस्तकांत असे. ते खरे नव्हे. मिकमाक नावाचे तिथले मूळ लोक हजारो वर्षे या किनाऱ्यावर राहत आले होते. उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासे आणि शिंपले, हिवाळ्यात आतल्या रानात शिकार, असा त्यांचा क्रम. या बंदराला त्यांच्या भाषेत जे नाव होते त्याचा अर्थच 'मोठे बंदर' असा आहे. इंग्रजांनी त्याचा उच्चार 'चेबक्टो' असा केला. म्हणजे जागेचे गुण ओळखणारे इंग्रज पहिले नव्हते. ते बरेच शेवटचे.

आता इंग्रज तिथे का आले ते पाहू. अठराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच यांचे भांडण साऱ्या जगभर चालले होते. १७१३ च्या तहाने नोव्हा स्कोशियाची मुख्य भूमी इंग्रजांकडे आली. परंतु शेजारचे केप ब्रेटन बेट फ्रेंचांकडेच राहिले आणि तिथे त्यांनी लुईबर्ग हा जबरदस्त किल्ला बांधला. १७४५ साली न्यू इंग्लंडमधल्या वसाहतवाल्यांनी मोठ्या शर्थीने तो घेतला. पुढच्याच वर्षी, १७४६ साली, इकडे हिंदुस्थानात फ्रेंचांनी इंग्रजांचे मद्रास घेतले. १७४८ साली तह झाला तेव्हा युरोपातल्या मुत्सद्द्यांनी मेजावर हिशेब केला : लुईबर्ग फ्रेंचांना परत, मद्रास इंग्रजांना परत. पाहा, हजारो कोसांवरची दोन ठिकाणे, एकमेकांचे नावही न ऐकलेली, एकाच तराजूत घातली गेली! अमेरिकेतले वसाहतवाले साहजिकच चिडले. त्यांचे सांत्वन करायला आणि लुईबर्गला शह द्यायला इंग्रज सरकारने चेबक्टो बंदरात नवे गाव वसवायचे ठरवले. मद्रास परत मिळाले नसते तर हॅलिफॅक्स कदाचित तेव्हा वसलेही नसते.

१७४९ च्या जून महिन्यात कर्नल एडवर्ड कॉर्नवॉलिस हा गव्हर्नर बंदरात उतरला. त्याच्या मागोमाग सुमारे अडीच हजार माणसे जहाजांतून आली. व्यापारखात्याचा प्रमुख लॉर्ड हॅलिफॅक्स याचे नाव गावाला दिले गेले. (आपल्याकडे व्हाइसरॉय असलेले आयर्विनसाहेब पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, ते पुष्कळ नंतरचे. त्यांचा या गावाशी घोटाळा करू नये.) कॉर्नवॉलिस हे नाव मात्र आपल्या परिचयाचे. पुढे गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आलेला, मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपूवर चाल करणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस, तो या एडवर्डचा सख्खा पुतण्या.

नव्या गावाचा पहिला हिवाळा फार कठीण गेला. पुरती घरे झालेली नाहीत, थंडी हाडे गोठवणारी, त्यात साथ आली आणि शेकडो माणसे दगावली. बाहेर मिकमाक लोक संतापलेले होते, कारण आपल्या भूमीवर आपल्याला न विचारता गाव उभे राहत आहे हे त्यांना दिसत होते. चकमकी सुरू झाल्या. तेव्हा १७४९ च्या ऑक्टोबरात कॉर्नवॉलिसने जाहीरनामा काढला की, मिकमाक माणूस पकडून आणणाऱ्याला किंवा मारून त्याच्या डोक्याची कातडी आणणाऱ्याला दहा गिनी इनाम मिळेल. गावाच्या जमाखर्चाच्या वहीतले हे पहिले काळे पान. पुढे १७५२ पासून इंग्रज आणि मिकमाक यांच्यात शांततेचे व मैत्रीचे तह झाले. ते तह कॅनडाची न्यायालये आजही मानतात.

त्या नंतरची दीडशे वर्षे हॅलिफॅक्स हे आरमाराचे आणि लष्कराचे गाव होते. १७५८ साली लुईबर्ग पुन्हा पडले आणि १७५९ साली क्वेबेक पडले, ते इथून निघालेल्या आरमाराच्या बळावर. त्याच १७५९ साली इथे सरकारी गोदी सुरू झाली. गावामागच्या टेकडीवर एकामागून एक चार किल्ले बांधले गेले. आज दिसतो तो चांदणीच्या आकाराचा दगडी किल्ला १८२८ ते १८५६ या काळात बांधला. गंमत अशी की त्यावर कधीच कोणी हल्ला केला नाही. तिथली तोफ रोज दुपारी बाराला उडते, ती वेळ सांगायला.

लष्करी गावाचा एक स्वभाव असतो. युद्ध आले की गाव फुगते. दुकाने, खानावळी, दारूचे गुत्ते यांना बरकत येते, भाडी चढतात, मजुरी मिळते. तह झाला की शिपाई जातात आणि गाव पुन्हा ओसरते. हॅलिफॅक्सची भरतीओहोटी पुष्कळदा समुद्रापेक्षा लढाईवर चाले. पैसा येई तो दुसऱ्याच्या संकटातून, आणि कधी कधी ते संकटही त्या पैशामागोमाग दारात येऊन उभे राही.

अशाच युद्धाच्या पैशातून गावात एक चांगली गोष्टही झाली. १८१४ साली इंग्रजांनी अमेरिकेतल्या मेन प्रांतातले कॅस्टीन बंदर घेतले आणि तिथे जकात वसूल केली. ती रक्कम हॅलिफॅक्सच्या खजिन्यात आली. तिच्यातून १८१८ साली गव्हर्नर लॉर्ड डलहौसी याने एक कॉलेज काढले. पंथ न पाहता सर्वांना शिकता यावे हा त्याचा नियम. तेच आजचे नावाजलेले डलहौसी विद्यापीठ. 'डलहौसी' म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील! १८४८ साली साताऱ्याचे राज्य आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा करणारा डलहौसी, तो या कॉलेज काढणाऱ्याचा मुलगा. बापाने एका खंडात विद्यालय उघडले आणि मुलाने दुसऱ्या खंडात राज्ये बंद केली. परंतु बापाचेही सगळेच गोड होते असे नाही. गुलामीतून सुटून नोव्हा स्कोशियात आलेल्या काळ्या लोकांविषयी त्याची मते फार हीन होती. त्या विद्यापीठाने स्वतःच चौकशी समिती नेमली आणि २०१९ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

या काळ्या लोकांची हकीकत थोडी सांगायला हवी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी सांगितले होते, 'आमच्या बाजूला या, तुम्हांला स्वातंत्र्य आणि जमीन देऊ.' १७८३ साली सुमारे तीन हजार काळी माणसे या वचनावर विसंबून नोव्हा स्कोशियात आली. स्वातंत्र्य मिळाले, जमीन बहुतेकांना मिळाली नाही, आणि मिळाली ती खडकाळ. १७९२ च्या जानेवारीत त्यांतली सुमारे बाराशे माणसे हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजांत बसून आफ्रिकेला निघून गेली. तिथे त्यांनी फ्रीटाउन हे गाव वसवले. १८१२ च्या युद्धानंतर आणखी सुमारे दोन हजार लोक आले. त्यांचे वंशज या गावातच राहिले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता एका वर्तमानपत्रवाल्याची गोष्ट. कॅनडातले पहिले वर्तमानपत्र १७५२ साली याच गावी निघाले. पुढे जोसेफ हाऊ नावाचा, शाळेत फारसे न शिकलेला पण वाचनाचे वेड असलेला एक तरुण 'नोव्हास्कोशियन' हे पत्र चालवू लागला. १८३५ च्या पहिल्याच दिवशी त्याने एक पत्र छापले. गावचे मॅजिस्ट्रेट आणि पोलीस गरिबांच्या खिशातून वर्षानुवर्षे पैसा उकळत आहेत, असा त्यात आरोप होता. हाऊवर बदनामीचा खटला झाला. वकिलांनी सांगितले, कायद्याने तुझी बाजू टिकायची नाही. मग त्याने स्वतःच बाजू मांडली. सहा तासांहून अधिक वेळ तो ज्यूरीपुढे बोलला आणि ज्यूरीने दहा मिनिटांत त्याला निर्दोष ठरवले. हाऊ पुढे राजकारणात पडला आणि लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ हवे म्हणून झगडला. १८४८ च्या फेब्रुवारीत नोव्हा स्कोशियात असे मंत्रिमंडळ आले. ब्रिटिश वसाहतींत ते पहिलेच. ते बंदुकीशिवाय मिळाले, याचा तिथल्या लोकांना अजून अभिमान वाटतो.

याच गावचा दुसरा पुत्र सॅम्युएल क्यूनार्ड. त्याने अटलांटिकवर नियमित टपाल नेणाऱ्या आगबोटी सुरू केल्या. त्याची 'ब्रिटानिया' ही बोट ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून निघाली आणि १७ जुलैला हॅलिफॅक्सला लागली. शिडाच्या जहाजांना जिथे महिना-सव्वा महिना लागे, तिथे दोन आठवड्यांच्या आत प्रवास!

समुद्र जसा देतो तसा घेतोही. १५ एप्रिल १९१२ रोजी 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा प्रेते शोधायला हॅलिफॅक्सहून 'मॅके-बेनेट' नावाची, एरवी समुद्रातल्या तारा दुरुस्त करणारी बोट निघाली. दीडशे जणांना या गावच्या मातीत पुरले आहे. कित्येक दगडांवर नाव नाही, नुसता आकडा आणि तारीख. हा आकडा कसला? प्रत्येक प्रेताला क्रमांक द्यायचा आणि त्याच्या अंगावरच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत जपायच्या, अशी पद्धत बार्नस्टेड नावाच्या इथल्या अधिकाऱ्याने घातली. अनोळखी माणसाचीही ओळख पुढेमागे पटावी हा हेतू. पाचच वर्षांनी त्याच्या मुलाला हीच पद्धत आपल्या स्वतःच्या गावासाठी वापरावी लागली.

पहिले महायुद्ध चालू होते. बेडफर्ड बेसिनमध्ये जहाजांचे तांडे जमत आणि आरमाराच्या पहाऱ्यात युरोपला जात. ६ डिसेंबर १९१७ ची सकाळ. 'माँ ब्लाँ' ही फ्रेंच बोट बाहेरून आत येत होती. तिच्या पोटात पिक्रिक ॲसिड, टीएनटी असा अडीच हजार टनांहून अधिक स्फोटक माल आणि वर डेकवर बेंझॉलची पिंपे. शत्रूला कळू नये म्हणून धोक्याचे लाल निशाण लावलेले नव्हते. त्याच वेळी 'इमो' ही नॉर्वेची बोट आतून बाहेर निघाली होती, आणि तीही चुकीच्या बाजूने. मघाशी सांगितलेला तो तांब्याचा गळा आठवा. त्या गळ्यात पावणेनऊच्या सुमारास दोघींची टक्कर झाली. टक्कर तशी फार मोठी नव्हती. पण ठिणग्या उडाल्या, बेंझॉल पेटले. बोटीवरच्या लोकांना आत काय आहे ते ठाऊक होते. ते होड्यांत उतरून पलीकडच्या काठाकडे पळाले. जळती बोट वाहत वाहत हॅलिफॅक्सच्या धक्क्याला येऊन लागली.

गावाला काय ठाऊक? आग पाहायला माणसे धक्क्यावर जमली. शाळेला निघालेली मुले थांबली. बायका खिडक्यांच्या काचांना चेहरे लावून उभ्या राहिल्या. बंबवाले बंब घेऊन धावले. रेल्वेच्या तारऑफिसातला व्हिन्सेंट कोलमन बाहेर पडला होता. बोटीत दारूगोळा आहे हे त्याला कळले होते. तो मागे फिरला आणि येणाऱ्या गाड्या थांबवा म्हणून तार करत बसला. हा आपला अखेरचा संदेश असेल हेही त्याने तारेतच कळवले. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला.

गावाचा उत्तरेकडचा भाग काही क्षणांत उद्ध्वस्त झाला. पाण्याची प्रचंड लाट उठली आणि डार्टमथच्या बाजूची मिकमाक लोकांची वस्तीही धुऊन गेली. 'माँ ब्लाँ'च्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड तुकडा दोन मैलांपलीकडे जाऊन पडला. सुमारे दोन हजार माणसे मेली, नऊ हजार जखमी झाली. काचांनी शेकडो लोकांचे डोळे गेले. कोलमन मेला. बंबवाले नऊ मेले. दुसऱ्या दिवशी बर्फाचे वादळ आले आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांची आशा संपली. १९४५ साली अणुबॉम्ब पडेपर्यंत माणसाच्या हातून इतका मोठा स्फोट झाला नव्हता असे म्हणतात. 'माँ ब्लाँ'वरच्या लोकांपैकी मात्र एकच जण दगावला. पुढे खटले झाले, अपिले झाली, आणि अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दोन्ही बोटींचा दोष सारखाच ठरवला.

श्रोतेहो, हे ऐकताना मुंबईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा असाच स्फोट झाला. तिच्यात सुमारे चौदाशे टन स्फोटक माल होता आणि त्याच्या शेजारी कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. तीही बोट लाल निशाणाशिवाय उभी होती. आग विझवताना बंबवाले सहासष्ट मेले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आणि योग असा की, 'फोर्ट स्टिकीन' ही बोट कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट या गावी १९४२ साली बांधलेली होती. हॅलिफॅक्सचा धडा सव्वीस वर्षे जुना झालेला असताना तो मुंबईत पुन्हा गिरवावा लागला. कारण दोन्ही ठिकाणी एकच : काठावरच्या माणसाला काठाशी काय येऊन लागले आहे ते कोणी सांगितले नाही.

हॅलिफॅक्सला मोठी मदत आली ती बॉस्टनहून. तार मिळाली त्याच रात्री डॉक्टर, नर्सेस आणि औषधे घेऊन तिथून गाडी निघाली आणि बर्फातून वाट काढत ८ तारखेला पोहोचली. ते उपकार स्मरून नोव्हा स्कोशियाने १९१८ साली बॉस्टनला नाताळचे झाड भेट पाठवले. १९७१ पासून तर दरवर्षी एक मोठे झाड तिथे जाते.

इतके मोठे दुःख सोसलेले गाव दुसऱ्याचे दुःख लवकर ओळखेल असे आपल्याला वाटते. पण तसे सहज होत नाही. बेडफर्ड बेसिनच्या काठी काळ्या लोकांची 'आफ्रिकव्हिल' नावाची वस्ती होती. १८४९ पासून त्यांचे स्वतःचे देऊळ, म्हणजे चर्च होते. माणसे कर भरत होती. तरी नगरपालिकेने त्यांना नळ दिला नाही, गटार दिले नाही. मिळाले ते काय? वस्तीतून जाणारी रेल्वे, शेजारी तुरुंग, साथीच्या रोगांचे इस्पितळ आणि गावाच्या कचऱ्याचा उकिरडा. गावाला जे जे नको ते यांच्या दारात. आणि मग, वस्ती घाणेरडी आहे असे म्हणून १९६० नंतरच्या दशकात ती पाडायला घेतली. काही कुटुंबांचे सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवले. १९६७ साली चर्च पाडले, तेही रात्रीच्या वेळी. १९७० च्या सुरुवातीला शेवटचे घर गेले. १९१७ चा स्फोट काही क्षणांचा होता. आफ्रिकव्हिलचा नाश सावकाश, ठराव करून, सह्या करून झाला.

याच गावची व्हायोला डेझमंड ही काळी स्त्री स्वतःचे केशभूषेचे दुकान चालवी. १९४६ साली न्यू ग्लासगो या गावी सिनेमागृहात ती गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसली आणि उठायला तयार झाली नाही. तिला तुरुंगात रात्र काढावी लागली, दंडही झाला. २०१० साली सरकारने तिची माफी मागितली आणि २०१८ साली कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आले. त्याच २०१० साली नगरपालिकेने आफ्रिकव्हिलच्या लोकांची माफी मागितली. जुन्या चर्चसारखीच इमारत तिथे पुन्हा उभी आहे. आणि २०१८ साली कॉर्नवॉलिसचा पुतळा नगरपालिकेनेच चौथऱ्यावरून खाली उतरवला. त्या बागेला आता शांतता आणि मैत्री यांचे नाव आहे. तहांतलेच ते शब्द.

बंदराने पुष्कळांना आसराही दिला, हे विसरून चालणार नाही. १९२८ ते १९७१ या काळात एकवीस नंबरच्या धक्क्यावर सुमारे दहा लाख माणसे नव्या देशात उतरली. निर्वासित, शेतमजूर, युद्धात पोरकी झालेली मुले, सगळ्यांनी कॅनडाचे पहिले दर्शन इथेच घेतले. तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. २०२१ साली हॅलिफॅक्स महानगरात सुमारे चार लाख चाळीस हजार लोक राहत होते. दोन पूल गळ्यावरून जातात, मालाच्या पेट्या घेऊन अजस्र बोटी येतात, आणि डार्टमथची फेरीबोट अजूनही चालते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. बंदरांचा धडा शिकवताना आयात किती, निर्यात किती हे जरूर सांगा. पण त्याच्या जोडीला मुलांना आणखी दोन प्रश्न घाला : या बंदरातून जे आले त्याचा फायदा कोणाला झाला, आणि त्याची किंमत कोणी भरली? हॅलिफॅक्सपुरते उत्तर आपण आज पाहिले. न्हावाशेवा असो, मुंबई असो, की कोकणातली एखादी लहान खाडी असो, तिथेही हे दोन प्रश्न विचारता येतील. उत्तरे पुस्तकात नसली तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी ती वहीत लिहून आणावीत.